मास्तरनं चेंडू घेतला नाही

माझा भाऊ तिबुर्सिओ गाढव आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं कुणी मला विचारायला नको की फिदेलिना, तुझा भाऊ एवढा शहाणा, मग असा का वागला? शहाणा कुठला! साठीला टेकलाय, बायको गेल्यापासून माझ्या घरात राहतो, माझ्या हातचं खातो आणि माझं एक अक्षर ऐकत नाही. गाव त्याला मास्तर म्हणायचं. शाळेत तो शिकवायला कधी नव्हता, शिकायलाही फारसा नव्हता. आमच्याकडे बेसबॉलच्या टीमच्या मॅनेजरला मास्तर म्हणतात, एवढंच.

रविवारी मास्तर, बाकीचे दिवस मिठागरातला मजूर. आमचं ला सालेरा गाव मिठावर जगतं. भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायला लाकडी दारं आहेत. ती उघडायची आणि वेळेवर लावायची, हे तिबुर्सिओचं काम. या कामात आजोबांच्या वेळेपासून एक रीत आहे. ज्या माणसाला दार लावायला ठेवलंय, त्याच्या हातातून ते काम मध्येच काढून घ्यायचं नाही. भले तो हळू असो, भले त्याला धाप लागो. दोघं एका दाराला भिडले की हा म्हणतो त्यानं लावलं, तो म्हणतो ह्यानं लावलं, आणि वर्षाचं मीठ समुद्रात. आमच्या लहानपणी एकदा झालंय तसं, त्या वर्षी बाबांनी घरातला पलंगसुद्धा विकला. तर ही रीत माझ्या भावाच्या डोक्यात खिळे ठोकून बसवल्यासारखी बसली, आणि तीच त्यानं मैदानावर नेली.

आता नाहूमबद्दल. नाहूम एस्पिनालेस आमचा शेवटच्या डावाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. आठ डाव बाकीचे टाकणार, आपण पुढं असलो की नवव्या डावाला नाहूम येणार, तिघांना बाद करणार, खेळ खलास. गाव त्याला कडी म्हणायचं. तो मैदानात शिरला की सगळे ओरडायचे, "लाव रे कडी!" आणि निकाल लागायच्या आधीच उठून चपला शोधायला लागायचे. माझा गाडा आमच्या टीमच्या बाकाला लागूनच, कुंपणाला टेकून असतो. केळीच्या पानावर उकडलेला युकाचा कंद, वर डुकराची कुरकुरीत चामडी आणि कोबीची आंबट कोशिंबीर विकते मी. नाहूम आला की मी सरळ कढई उतरवायची.

मला तो माणूस म्हणून कधीच आवडला नाही. बोलायचा नाही, हसायचा नाही, युका खाऊन पान तिथंच टाकून जायचा. पण टाकायचा काय मेला!

मग गेल्या वर्षी त्याचा एक चेंडू परगावच्या पोराच्या जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज माझ्या गाड्यापर्यंत आला. ते पोरगं आता ठणठणीत आहे, मासे विकतं, लग्नही केलंय. नाहूम काही ठणठणीत झाला नाही. त्या दिवसापासून त्याचा चेंडू फलंदाजाच्या जवळून जाईचना. बाहेर, आणखी बाहेर, पार मागं झेलायला बसलेल्या कॅचरच्या हाताबाहेर. चार चेंडू असे वाईट गेले की फलंदाज फुकटात पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या ठाण्यावर. दुसरा येतो, तोही फुकटात. मग कुणीतरी एक टोला हाणतो आणि जिंकलेला सामना आपण हरून घरी. गेल्या वर्षीचा अंतिम सामना असाच गेला. यंदाही तेच सुरू.

गावात जितकी तोंडं तितकी कारणं. कुणी म्हणे दारू, कुणी म्हणे बाई, कुणी म्हणे शेजारच्या तामारिंदो गावच्या टीमनं करणी केलीय. जबड्याचं नाव कुणी काढायचं नाही. आणि सगळे मिळून विचारायचे ते माझ्या भावाला. मास्तर, टीममध्ये दुसरे पिचर नाहीत का?

होते ना! पण आमचं गाढव ऐकेल तर शपथ.

बाल्तासारच्या दुकानात एकदा जुंपलीच. बाल्तासारचं किराणा दुकान म्हणजे गावाची चावडी, आणि टीमच्या टोप्या, सदरे तोच देतो, त्यामुळे टीम आपल्या बापाची असं त्याला वाटतं. मी तेल आणायला गेले होते. भाऊ खिळे घेत होता. दुकानात माणसं खच्चून भरलेली.

बाल्तासार म्हणाला, "मास्तर, एक विचारू? नाहूम तुमचा कोण लागतो?"

"कुणी नाही."

"नाही, लोक म्हणतात त्याची आई आणि तुम्ही..."

"बाल्तासार," मी म्हटलं, "जिभेला हाड नाही का तुझ्या? ती बाई माझ्या आईच्या वयाची आहे."

सगळे हसले. बाल्तासार हसला नाही. "मग रविवारी त्याला आणू नका. साधी गोष्ट आहे. आणलाच, तर पहिला फलंदाज फुकट गेल्याबरोबर काढा. मैदानात जायचं, चेंडू मागायचा, संपलं."

भावानं खिळे खिशात टाकले. "नववा डाव त्याचा आहे. चेंडू त्याच्या हातातून मी घेणार नाही. स्वतः आणून देईल तेव्हा देईल."

"आणि हरलो तर?"

"हरलो तर हरलो. ज्या दिवशी मी त्याच्या हातातून चेंडू घेईन, त्या दिवसापासून मला या गावात मास्तर म्हणू नका."

झालं! असं बोलून मोकळा झाला, आणि ते गावभर झालं. मी घरी आल्यावर त्याला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, "तुला काय गरज होती शपथा वाहायची? त्या मुक्या बाहुल्यासाठी?"

"तो बोलत नाही एवढंच, फिदे."

"तेच म्हणतेय मी! आजवर त्यानं तुझे आभार तरी मानलेत का?"

"दार लावणाऱ्या माणसाचे हात थरथरायला लागले की त्याला सगळ्यात भीती कशाची वाटते, सांगू? मागून कुणीतरी येऊन ढकलेल याची. तो पाणी बघतच नाही मग. मागंच बघत राहतो." एवढं बोलून भात-राजमा खाऊन झोपी गेला. आणि घोरला. मी मात्र जागी.

त्यानंतर गावानं आमच्याशी उभा दावा मांडला. आमच्या पत्र्यावर दगड पडायचे. दाराशी सडकी मासळी टाकलेली असायची. माझ्या गाड्यावर येणाऱ्या बायका माझ्यासमोरून पलीकडच्या गाड्यावर जायच्या, तेही मान वर करून. अगं सटव्यांनो, मी काय तुमचं घोडं मारलंय? मी काय चेंडू टाकते? चर्चमध्ये आमच्या बाकावर कुणी बसेना. फादरसुद्धा प्रसाद देताना माझ्या भावाकडे असं बघायचा, जणू त्यानंच येशूला खिळे ठोकलेत.

नाहूमचे हाल तर विचारू नका. आमच्याकडे एखाद्या माणसाशी संबंध संपला हे सांगायचं असलं की त्याच्या पायाशी मूठभर मीठ टाकतात. तोंडानं काही बोलत नाहीत. मीठ पडलं की समजायचं, आता या माणसाला गावात कुणी पाणी विचारणार नाही. माझ्या आजवरच्या आयुष्यात हे मी एकदाच पाहिलं होतं, बाप मारणाऱ्या माणसाच्या बाबतीत. आणि आता बेसबॉलसाठी नाहूमच्या उंबऱ्यावर रोज सकाळी मीठ! त्याची आई केरसुणी घेऊन झाडायची आणि झाडता झाडता एकेकाच्या नावानं शिव्या घालायची. त्या बाईचं मला तेवढं आवडायचं.

तर तो रविवार. तामारिंदोवाल्यांशी उपांत्य सामना, आमच्याच मैदानावर. जो जिंकेल तो अंतिम सामन्याला जाणार. नववा डाव आला तेव्हा आम्ही एका धावेनं पुढं. आणि माझ्या भावानं हात वर करून नाहूमला बोलावलं.

अशा शिट्ट्या वाजल्या म्हणता! आपल्याच गावात, आपल्याच माणसाला. "घरी जा!" "आईला पाठव, ती बरी टाकेल!" माझ्या शेजारची लुक्रेसिया, जिला मी बाळंतपणात तीन आठवडे डबा दिला, ती म्हणते कशी, "फिदे, तुझ्या भावाला वेड्यांच्या इस्पितळात घाल." मी म्हटलं, "जागा असेल तर तुलाही घालते."

पहिला फलंदाज बाद. दुसरा बाद. लोक जरा गप्प झाले. मीसुद्धा, सवयीनं, कढईला हात घातला. आता एकच माणूस उरला. तिसऱ्याला त्यानं चार चेंडू टाकले, चारही बाहेर. तो फुकटात पहिल्या बेसवर गेला.

भाऊ बाकावरून उठला, मैदानाची पांढरी रेषा ओलांडली, चालत नाहूमकडे गेला. मैदान ओरडलं, "काढा! काढा!" भावानं त्याच्याशी काहीतरी बोलून घेतलं आणि तसाच परत आला. चेंडू नाहूमकडेच. परतताना माझ्या कुंपणाजवळून गेला तेव्हा मी विचारलं, "काय सांगितलंस?"

"सांगितलं, मागं बघू नको. मागं मी आहे."

आता एक नियम, जो आमच्या गावात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. एका डावात मॅनेजरनं पिचरकडे एकदाच जायचं. दुसऱ्यांदा रेषा ओलांडली की पिचर बाहेर. कारण काही असो. गप्पा मारायला जा, नाहीतर शेंबूड पुसायला जा. पंचाला विचारायचीही सोय नाही. हा नियम माझ्या भावानं गावातल्या दोन पिढ्यांना शिकवलाय, जेवताना टेबलावर मिरच्या मांडून.

पुढचा फलंदाजही फुकट गेला. त्याच्या पुढचाही. तिन्ही बेस भरले. आता आणखी एक फुकट गेला असता तरी सगळे एकेक बेस पुढं सरकून एक धाव, म्हणजे बरोबरी, आणि एक टोला बसला असता तर सगळंच गेलं होतं. नवा फलंदाज येऊन उभा राहिला.

तेव्हा मैदानात वस्तू पडायला लागल्या. आधी संत्र्याची सालं, मग बर्फाच्या पिशव्या. मग मीठ. कुणीतरी पोतंच आणलं होतं वाटतं, मेल्यांनी ठरवूनच आणलं असणार. मुठीच्या मुठी कुंपणावरून उडत होत्या. नाहूम मधल्या उंचवट्यावर उभा, चेंडू पोटाशी धरून, मान खाली. मागं बघत नव्हता, हे मात्र खरं. आणि मग रमची एक बाटली आली आणि त्याच्या कानशिलावर बसली. तो एका गुडघ्यावर आला. दुसरी बाटली त्याच्या पायाशी फुटली.

माझा भाऊ धावला. साठीचा माणूस, गुडघे गेलेला, टोपी उडाली तरी धावला. दोन्ही हात पसरून, कोंबडी पिलांवर जाते तसा. नाहूमनं त्याला येताना पाहिलं आणि हात पुढं करून ओरडला. मी कुंपणाला नाक लावून उभी होते, मी माझ्या कानांनी ऐकलं. तो ओरडला, "रेषा! मास्तर, रेषा!"

रेषा मागं राहिली होती.

भावानं त्याला पाठीशी घातलं आणि लोकांकडे तोंड करून उभा राहिला. "टाका आता!" म्हणाला. "टाका की, हरामखोरांनो!" पण कुणी टाकेना. सगळे टाळ्या वाजवत होते. मला आधी कळेना टाळ्या कसल्या. मग पाहिलं तर पंच चालत येत होता. लिओन शहरातून आलेला, काठीसारखा ताठ माणूस. त्यानं बोट वर केलं, मग बाकाकडे दाखवलं. दुसरी फेरी. पिचर बाहेर.

भाऊ म्हणाला, "मी त्याला काढायला नाही आलो. बाटली लागली त्याला. मी झाकायला आलो."

पंच म्हणाला, "तुम्ही आलात ना? बस्स."

"रक्त दिसत नाही तुम्हाला?"

"दिसतं. चेंडू घ्या, मास्तर."

बाहेर जाणाऱ्या पिचरनं मॅनेजरच्या हातात चेंडू द्यायचा, अशी पद्धत. नाहूमनं हात पुढं केला. माझ्या भावानं दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. मी तिथून बघत होते. नाहूम चेंडू धरून उभा, भाऊ खिशात हात घालून उभा, पंच घड्याळ बघतोय. नाहूम काहीतरी म्हणाला. भावानं मान हलवली, नाही. नाहूम पुन्हा म्हणाला. पुन्हा नाही. शेवटी नाहूम वाकला, चेंडू मातीत, त्या मिठात ठेवला आणि चालू लागला. कानावरून रक्त सदऱ्यावर ठिबकत होतं. टीमचे सदरे मीच धुते, त्या सदऱ्याचा डाग काही निघाला नाही.

दुसरा पिचर आला. पहिल्याच चेंडूवर फलंदाजानं सरळ हवेत मारला, आमच्या माणसानं झेलला. जिंकलो.

मग काय! त्याच लोकांनी, ज्यांच्या हाताला अजून मीठ चिकटलेलं होतं, माझ्या भावाला खांद्यावर घेतलं. "मास्तर! मास्तर!" तो लाथा झाडत होता, खाली उतरवा म्हणून ओरडत होता, कुणाला ऐकू येत नव्हतं. बाल्तासार माझ्याकडे येऊन म्हणाला, "बघ फिदे, शेवटी आली अक्कल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवसापासून दाराशी मासळी पुन्हा यायला लागली. आता ताजी! एकानं कोळंबी आणली, एकानं अख्खा डुकराचा पाय. लुक्रेसियानं केक आणला. बायका गाड्यावर परत आल्या, जणू मधे काही घडलंच नाही. आणि भाऊ प्रत्येकाला सांगत सुटला, "मी विसरलो. मी त्याला काढलं नाही. मी फक्त धावलो, रेषेचं भान राहिलं नाही." लोक डोळा मारायचे. "समजलं, मास्तर, समजलं. आम्ही कुणाला सांगणार नाही." म्हणायचे, तुम्ही विसरलात? तुम्ही? मिरच्या मांडून नियम शिकवणारा माणूस? मी म्हटलं, मी ऐकलंय, नाहूम रेषा म्हणून ओरडला. तर म्हणे, तू बहीणच त्याची. कॅचरनंही ऐकलं होतं, पण तो बाल्तासारचा जावई, त्याच्या तोंडाला कुलूप.

आणि नाहूमवर राग आणखीच चढला. कारण गावानं काय पाहिलं? नाहूमनं मास्तरच्या पायाशी चेंडू फेकला. एवढं करूनही! दोन वर्षं ज्यानं सांभाळलं त्याच्या पायाशी! खाल्ल्या मिठाला जागला नाही, असं जो तो म्हणायला लागला. त्याच्या खिडकीची एक काच उरली नाही.

भाऊ बाल्तासारच्या दुकानात गेला आणि भरल्या दुकानात म्हणाला, "त्यानं फेकला नाही. मी घेईना, म्हणून खाली ठेवला." तेवढ्यात, कानाला चिकटपट्टी लावलेला नाहूम आईसाठी साखर घ्यायला आत आला. बाल्तासारनं विचारलं, "काय रे, फेकलास की ठेवलास?"

जन्मात न बोलणारा तो माणूस तेव्हा बोलला. "फेकला. यानं मला शब्द दिला होता आणि सगळ्यांसमोर मला काढलं. लबाड आहे हा. पुन्हा दिसला तर पुन्हा फेकीन." साखर न घेताच गेला.

दुकानात जल्लोष झाला असता, पण माझ्या भावाचा चेहरा बघून कुणी हसलं नाही.

आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. भावाला मी एकट्याला सोडणार नव्हते, आणि मला त्या नाहूमचं थोबाड रंगवायचं होतं. आईनं दार उघडलं, नाहूम आत पिशवी भरत होता. कोस्टा रिकाला निघाला होता, बांधकामावर.

भाऊ म्हणाला, "खोटं का बोललास?"

"तुम्ही घरी जा."

"मी तुला काढलं? मी? ओरडलास की तू, रेषा म्हणून! तुला ठाऊक आहे!"

"ठाऊक आहे."

"मग?"

नाहूमनं सदरा कोंबला पिशवीत. मग वर बघून म्हणाला, "तुम्हाला इथं राहायचंय, मास्तर. मावशीला इथं गाडा लावायचाय. मला नाही राहायचं. गावाला शिव्या घालायला एक माणूस लागतोच, तर त्या मलाच घालू देत. मी लांब असेन."

मी थोबाड रंगवायला गेले होते, मला हातच उचलेना. पण माझा भाऊ! त्याला कळवळा आला असं वाटेल कुणाला. छे! तो लालबुंद झाला. "मला लबाड ठरवून जातोस? दोन वर्षं गावाचे दगड खाल्ले ते एका शब्दासाठी, आणि तू तोच मोडून देतोस मला भेट म्हणून? नको मला तुझा उपकार!" नाहूमही ओरडला, "मग काय करू? दगड खाऊन मरा तिकडं!" दोघं एकमेकांच्या छातीवर येऊन ओरडत होते आणि म्हातारी केरसुणीनं दोघांना हाणत होती. आम्ही निघालो तेव्हा नाहूमनं दार आपटलं. संध्याकाळच्या बसनं गेला.

अंतिम सामनाही आम्ही जिंकलो. गावाच्या देवमातेच्या उत्सवात मैदानावर जेवण ठेवलं, करंडक टेबलावर, बाल्तासार माइकवर. त्याच्या बोलण्याचा सगळा रोख एकच, की मास्तरांनी मन दगडाचं केलं, आपल्या लाडक्याला बाजूला काढलं, म्हणून आज हा करंडक. मग मास्तरांना माइक दिला.

मी कोबी वाढत होते. मनात म्हटलं, बाबा रे, नुसतं धन्यवाद म्हण. कोळंबी येतेय, गाडा चालतोय, गप्प बस आता.

तो म्हणाला, "मी नाहूमला काढलं नाही. शेवटचं सांगतो. तुम्ही त्याला बाटली मारलीत, मी धावलो, आणि नियम विसरलो. मी म्हातारा मूर्ख आहे म्हणून तुम्ही जिंकलात. भान असतं तर रेषेच्या अलीकडे उभा राहून तुम्हाला शिव्या दिल्या असत्या, आणि नववा डाव त्यानंच टाकला असता. हरलो असतो तर हरलो असतो. आज पुन्हा तसंच आलं, तर चेंडू पुन्हा त्यालाच देईन. आणि त्यानं चेंडू फेकला नाही. मी घेतला नाही. माझे हात खिशात होते, तुम्ही सगळ्यांनी बघितलंय, आता आंधळ्यासारखं करू नका."

कुणी जेवेना. वाजंत्रीवाली पोरंही थांबली. बाल्तासार खाली उतरला, टेबलावरची मिठाची वाटी घेतली, चालत माझ्या भावासमोर आला आणि एक शब्द न बोलता त्याच्या बुटांवर ओतली. मग त्याच्या मागून लुक्रेसियाचा नवरा. मग आणखी एक. मग रांगच लागली.

भाऊ हलला नाही. रांग संपेपर्यंत उभा राहिला, खिशात हात घालून. मला मात्र देवानं तेवढा धीर दिलेला नाही. मी कोबीचं अख्खं पातेलं उचललं आणि बाल्तासारच्या डोक्यावर उपडं केलं, व्हिनेगरसकट. त्याचे डोळे चुरचुरले असतील तर बरंच झालं.

आता गाव त्याला मास्तर म्हणत नाही. टीमला नवा मॅनेजर आलाय, बाल्तासारचा मेव्हणा. पत्र्यावर पुन्हा दगड पडतात. मी गाडा घेऊन हमरस्त्यावर ट्रकवाल्यांसाठी उभी राहते, त्यांना बेसबॉलशी घेणंदेणं नाही आणि भूक जास्त.

परवा दुपारी मी तिबुर्सिओचा डबा घेऊन मिठागरात गेले. तो दाराशी गुडघाभर चिखलात उभा होता, फळी बसवत होता. माझा मोबाइल वाजला. नाहूम. उत्सवाची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. आमच्या गावची भांडणं बसच्या आधी कोस्टा रिकाला पोचतात.

"त्याला द्या," म्हणाला.

भावाचे हात चिखलात, म्हणून मी फोन त्याच्या कानाला धरला. नाहूम एवढ्यानं ओरडत होता की मला सगळं ऐकू येत होतं. "गाढवा! म्हाताऱ्या गाढवा! मी एवढं सगळं निस्तरून ठेवलं होतं तुझ्यासाठी, आणि तू माइकवर गेलास? तुला कुणी सांगितलं होतं? माझ्या आईनं आता कुणाच्या दारात साखर मागायची? आणि तू काय खाणार, मीठ? अक्कल म्हणून नाही, वयाची लाज नाही..." आणि असंच कितीतरी. मी म्हटलं फोन बंद करावा, पण भावानं मान हलवली, राहू दे.

तो सगळं ऐकून घेईपर्यंत फळी दाबून धरून उभा होता. नाहूमचा दम संपला. तेव्हा भाऊ म्हणाला, "चेंडू टाकायचा खांदा कसाय?"

मला वाटलं फोन तुटला. मी कानाला लावून बघणार, तेवढ्यात नाहूम बोलला, अगदी हळू.

"बराय, मास्तर."